दक्षिणा ते स्वामित्वधन : मराठी लेखकाचा व्यवसाय आणि त्याची कला

प्रास्ताविक

मराठीत लेखनाच्या मोबदल्याला अनेक नावे आहेत. ग्रंथकर्त्याला मिळे ती दक्षिणा, शाहिराला मिळे ती बिदागी, नियतकालिकातील लेखाबद्दल मिळते ते मानधन आणि पुस्तकाच्या विक्रीवर मिळते ते स्वामित्वधन. मजुरी, दर, भाव हे व्यवहारातले रोकठोक शब्द मात्र लेखनाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. गवंड्याला किंवा वकिलाला किती द्यावयाचे हे काम सुरू होण्यापूर्वी ठरते. लेखकाच्या बाबतीत ‘मान’ आधी येतो, ‘धन’ मागाहून येते, आणि ते आले नाही तरी मान मिळाला या समाधानावर प्रकरण मिटते. आकडा विचारणे हे तर अनेकदा असंस्कृतपणाचे लक्षण समजले जाते.

मराठी समीक्षेनेही लेखनकला आणि लेखनव्यवसाय यांना एकमेकांपासून दूर ठेवले आहे. कलाकृतीची चर्चा घाट, अनुभव, जाणीव, भाषा या संज्ञांनी होते. व्यवसायाचा विषय प्रकाशकांच्या आठवणींत, लेखकांच्या खासगी पत्रव्यवहारात किंवा संमेलनाच्या मंडपातील तक्रारीत उरतो. ‘धंदेवाईक’ हे विशेषण समीक्षेत निंदाव्यंजक म्हणूनच वावरते. प्रस्तुत निबंधात या द्वैताची चिकित्सा करावयाची आहे. मोबदल्याची पद्धत ही लेखनाच्या बाहेरची बाब नसून ती साहित्यकृतीच्या घडणीत शिरते, हे पहिले प्रतिपादन. पैशासाठी लिहिण्याविषयीचा तुच्छभाव ही सार्वत्रिक कलामूल्यातून निघालेली भूमिका नसून मुख्यतः पगारदार लेखक-समीक्षकांची दृष्टी आहे, आणि तिची किंमत पगार नसलेल्या लेखकांनी मोजली आहे, हे दुसरे प्रतिपादन.

१. दक्षिणा : परीक्षक हाच पहिला वाचक

पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात या प्रथेचे रूप पालटत गेले. तिच्यातील काही रक्कम मराठी ग्रंथरचनेकडे वळवावी अशी मागणी लोकहितवादी व त्यांच्या पिढीतील सुधारकांनी केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठी ग्रंथकाराला पाठांतराबद्दल नव्हे तर ग्रंथलेखनाबद्दल द्रव्य मिळण्याची ही आरंभीची संस्थात्मक व्यवस्था होय. तिचे ऐतिहासिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. अनेक भाषांतरे आणि उपयुक्त ज्ञानाचे ग्रंथ तिच्या आश्रयाने तयार झाले.

तथापि पारितोषिकासाठी लिहिणाऱ्या ग्रंथकाराचा पहिला वाचक हा परीक्षक असतो. त्याला काय मान्य होईल याचा अंदाज विषयाची निवड, भाषेची प्रौढी आणि बोधाची मात्रा ठरवतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे सादर केले, ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे काही चालले नाही, असा त्यांचा पुढील काळातील आक्षेप प्रसिद्ध आहे. हे नाटक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत छापले गेले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आश्रयाच्या नकाराचा अर्थ काय होतो ते उमगते.

यानंतरच्या फुल्यांच्या लेखनाचा घाट पाहण्यासारखा आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मधील मजकूर त्यांनी ठिकठिकाणी श्रोत्यांना वाचून दाखवला होता. परीक्षकाची जागा श्रोत्याने घेतली आणि गद्य बोलू लागले. फुले यांचा स्वतःचा ठेकेदारीचा व्यवसाय होता. चरितार्थासाठी ते ग्रंथांवर वा कमिटीवर अवलंबून नव्हते. म्हणूनच १८८५ मध्ये पुण्यातील ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांना पत्र पाठवून नाकारता आले. या पत्राची चर्चा सामाजिक भूमिकेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. लेखकाच्या आर्थिक स्वायत्ततेचा दस्तऐवज म्हणूनही ते वाचावयास हवे.

२. मानधन : अंकाची तारीख आणि कथेची लांबी

नियतकालिकांनी लेखकाला दुसरा धनी दिला. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूच्या तोंडून येणारे तुकड्यातुकड्यांचे निवेदन, मध्येच मागे वळून पाहणे, एखाद्या घरगुती प्रसंगावर रेंगाळणे ही या कादंबरीची वैशिष्ट्ये आठवड्याच्या आठवड्याला येणाऱ्या प्रकरणाशी जुळणारी आहेत. प्रत्येक अंकापुरते एक दुःख पुरते आणि पुढील अंकाची वाट पाहावयास लावते. त्याचप्रमाणे आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, काहींचा पसारा हाताबाहेर गेला. याला केवळ प्रतिभेचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. एकहाती साप्ताहिक चालविणाऱ्या संपादकाची ओढाताण त्यात आहे. आपट्यांचे व्यवस्थापकपद आनंदाश्रमात होते, चरितार्थ केवळ साप्ताहिकावर नव्हता, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक हंगाम मिळाला. शेतकऱ्याचा खरीप आणि लेखकाचा दिवाळी अंक एकाच सुमारास हातातोंडाशी येतात. एकाच लेखकाकडे अनेक संपादकांची मागणी येते, पाने ठरलेली असतात, तारीख चुकवता येत नाही. मराठी लघुकथेची आटोपशीर लांबी, झटकन पकड घेणारा आरंभ आणि शेवटी दिलेली कलाटणी यांचा विचार या हंगामापासून तोडून करता येत नाही.

ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या पार्श्वभूमीवर नव्याने वाचता येते. लेखनाला तंत्र असते आणि ते अभ्यासाने हस्तगत करता येते, हा त्यातील विचार. पुढील पिढ्यांनी ‘तंत्रवादी’ म्हणून फडक्यांची हेटाळणी केली. त्यांच्या कादंबऱ्यांतील साचेबंदपणा पाहता ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु तंत्र शिकवता येते असे म्हणणे म्हणजे लेखन ही दैवी देणगी नसून कारागिरी आहे असे म्हणणे होय. आणि कारागिरीचा दर विचारता येतो, देणगीचा विचारता येत नाही. फडक्यांच्या या भूमिकेतील लोकशाहीची बाजू समीक्षेने दुर्लक्षिली. ज्याच्या घरात ग्रंथांची कपाटे नाहीत अशा होतकरू तरुणाला ‘प्रतिभा जन्मजात असते’ या वाक्याचा काही उपयोग नाही. ‘आरंभ असा करावा, गुंतागुंत अशी वाढवावी’ हे सांगणारे पुस्तक त्याच्या उपयोगी पडते.

३. वेतन : शुद्धतेचा आर्थिक आधार

विसाव्या शतकातील प्रतिष्ठित मराठी लेखकांच्या उपजीविकेकडे पाहिल्यास एक आकृतिबंध स्पष्ट दिसतो. केशवसुत शिक्षक होते. वि. स. खांडेकर शिरोड्यास शिक्षक होते, पुढे चित्रपटकथांकडे वळले. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, विंदा करंदीकर व जी. ए. कुलकर्णी इंग्रजीचे प्राध्यापक. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते, व्यंकटेश माडगूळकरांनीही तेथे दीर्घकाळ नोकरी केली. म्हणजे ज्याला मराठी साहित्याचा मुख्य प्रवाह म्हटले जाते, तो बऱ्याच अंशी महिन्याच्या पहिल्या तारखेला मिळणाऱ्या वेतनावर उभा होता.

या वेतनाने मराठी साहित्याला काय दिले हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘सत्यकथा’ मासिकाने जोपासलेली संपादनाची परंपरा हे त्याचे उत्तम उदाहरण. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात कथा परत जाई, तिच्यावर सविस्तर पत्र येई, लेखक पुनर्लेखन करी, ती पुन्हा परत जाई. या प्रक्रियेतून नवकथेला अनुभवाची सूक्ष्मता आणि भाषेची काटेकोर जाण लाभली. परंतु कथा परत आली तरी चूल पेटण्याची शाश्वती असलेला लेखकच एवढी वाट पाहू शकतो. पुनर्लेखनाचा धीर हा कलानिष्ठेचा जसा पुरावा आहे तसा तो आर्थिक स्थैर्याचाही आहे.

साठोत्तरी काळात लघुनियतकालिकांच्या लेखकांनी प्रस्थापित साहित्यव्यवहारावर कठोर हल्ला चढवला. अशोक शहाणे यांचा ‘मनोहर’मधील १९६३ चा लेख आणि भालचंद्र नेमाडे यांचा ‘लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा निबंध यांनी या हल्ल्याला वैचारिक धार दिली. मान, पारितोषिके, संमेलने, प्रकाशकांचे गोतावळे यांत सापडलेला लेखक हळूहळू स्वतःचीच नक्कल करू लागतो, हे नेमाड्यांचे निदान आजही खोटे ठरलेले नाही. उलट सत्कार आणि प्रायोजित महोत्सवांच्या काळात ते अधिकच लागू पडते.

मात्र या निदानाची एक मर्यादा आहे. त्यातून पुढे जो आदर्श लेखक सूचित झाला, तो बाजाराला आणि प्रतिष्ठेला नकार देणारा आहे. हा नकार देण्यासाठी लागणारी पायाभूत सोय कोठून येते, हा प्रश्न या चर्चेत बाजूला राहिला. नेमाडे यांची उपजीविका इंग्रजीच्या अध्यापनातून चालली. यात गैर काहीच नाही; परंतु बाजाराबाहेर राहण्याचा मार्ग महाविद्यालयाच्या हजेरीपटावरून जातो, हे सांगितल्याखेरीज तो मार्ग सर्वांना खुला असल्याचा भास निर्माण होतो. लेखकराव होण्याचा धोका ज्याप्रमाणे खरा आहे, त्याप्रमाणे लेखक म्हणून जगताच न येण्याचा धोकाही खरा आहे. मराठी समीक्षेने पहिल्या धोक्याची जितकी वाच्यता केली तितकी दुसऱ्याची केली नाही.

४. बिदागी : अण्णा भाऊ साठे यांचे गद्य

दुसऱ्या धोक्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९). वाटेगावातून मुंबईत आलेल्या या लेखकाला शालेय शिक्षण जवळजवळ मिळाले नाही. गिरणीतील मजुरी, कम्युनिस्ट चळवळ आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत उभारलेले लाल बावटा कलापथक ही त्यांची विद्यापीठे. ३५ च्या घरात कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या एवढे लेखन त्यांनी अवघ्या दोन-अडीच दशकांत केले. ‘फकिरा’ (१९५९) ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही त्यांचा अखेरचा काळ मुंबईच्या झोपडवस्तीत हलाखीत गेला. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, जे काही येईल ते लेखणीतून, अशी ही अवस्था होती.

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांविषयी मध्यमवर्गीय समीक्षेचा आक्षेप ठरलेला होता : घटनांची घाई, नाट्यमयतेचा अतिरेक, व्यक्तिरेखांचे ठसठशीत काळे-पांढरे रंग. हे सारे ‘सत्यकथे’च्या मापाने मोजले गेले. परंतु अण्णा भाऊंचे माप शाहिराचे होते. मैदानात उभ्या असलेल्या, दिवसभर राबून आलेल्या श्रोत्याला पहिल्या काही वाक्यांत धरून ठेवावे लागते, त्याचे लक्ष ढळण्यापूर्वी प्रसंग बदलावा लागतो, नायकाची ओळख त्याच्या कृतीतून पटवावी लागते. बिदागी ही श्रोत्यासमोर, त्याच्या पसंतीवर मिळते. या व्यवसायात घडलेली कारागिरी कादंबरीत उतरली. ‘फकिरा’चा वेग हा गरजू लेखकाच्या उतावळेपणाचा परिणाम म्हणून वाचला तर तो दोष ठरतो, पोवाड्याच्या कथनरीतीचा गद्यातील विस्तार म्हणून वाचला तर तो गुण ठरतो. कोणते वाचन अधिक न्याय्य, हे ठरविण्यासाठी लेखक कशावर जगत होता हे ठाऊक असावे लागते.

याचा अर्थ भराभर लिहिलेले सर्व लेखन चांगले असा होत नाही. अण्णा भाऊंच्या काही कादंबऱ्यांत प्रसंगांची पुनरावृत्ती आहे, काही ठिकाणी शेवट गुंडाळलेला आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. झुंजार आणि काळापहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, परंतु त्या कथांचा साचा फारसा बदलला नाही. आर्थिक परिस्थिती ही दोषांची सबब होऊ शकत नाही. पण दोष कोठून आला हे सांगण्याचे ती साधन आहे. समीक्षेने सबब नाकारताना साधनही टाकून दिले.

५. स्वामित्वधन : कायदा, करार आणि साहित्यप्रकार

भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५७ अन्वये हक्क विकल्यानंतरही लेखकाचे काही विशेष हक्क त्याच्यापाशीच राहतात. आपल्या कृतीची प्रतिष्ठेस बाध आणणारी मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाचा आधार घेतला होता. कलम १९ तर दैनंदिन उपयोगाचे आहे : हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, भूप्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. असे असूनही मराठीत कित्येक पुस्तके केवळ तोंडी शब्दावर किंवा न वाचता सही केलेल्या कागदावर निघतात. ‘आपल्यात करार कशाला’ हे वाक्य स्नेहाचे वाटते. परंतु त्या स्नेहात हिशेब ठेवण्याची जबाबदारी एकाच पक्षाकडे असते.

हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हे मराठी ललित पुस्तकाचे रूढ माप. त्यांतील पुष्कळ प्रती ग्रंथालये घेतात. अशा स्थितीत दहा टक्के स्वामित्वधन वेळेवर मिळाले तरी त्यावर कुटुंब चालणार नाही, हे उघड आहे. म्हणजे प्रश्न प्रकाशकांच्या सचोटीपुरता नाही, व्यवहाराच्या आकारमानाचाही आहे. ही मर्यादा ओलांडण्याचा एक प्रयोग १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने केला. सभासद वाचकांना सवलतीत पुस्तके, गावोगावच्या ग्रंथयात्रा आणि प्रदर्शने यांमुळे पुस्तक नेहमीच्या वर्तुळाबाहेर गेले. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केली. दलित व भटक्या समाजांतील लेखकांच्या आत्मकथनाची प्रेरणा अर्थातच आंबेडकरी विचारात आणि जगण्याच्या दाहकतेत आहे. परंतु या प्रकाराला अल्पावधीत जो व्यापक वाचक मिळाला, त्यात वितरणाच्या नव्या पद्धतीचा वाटा होता. व्यवसायाची रचना बदलली की एखाद्या साहित्यप्रकाराला वाट मोकळी होते, याचा हा निःसंदिग्ध दाखला होय.

६. उलटा प्रवाह : लेखकानेच मोजलेले द्रव्य

दक्षिणा, मानधन, बिदागी आणि स्वामित्वधन या सर्वांत एक गोष्ट समान होती : द्रव्य लेखकाकडे येत होते. महाविद्यालयीन क्षेत्रात हा प्रवाह उलटला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या नेमणुकीत व पदोन्नतीत प्रकाशनांना गुणांक दिले. त्यानंतर शुल्क घेऊन निबंध आणि ग्रंथ छापणाऱ्यांची बाजारपेठ फोफावली. आयोगाने २०१९ मध्ये नियतकालिकांची प्रमाणित यादी जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी आली आणि गेली, पण लेखकाने पैसे मोजून लेखक व्हावयाचे ही सवय मागे उरली.

या घटनेचा परिणाम लेखनाच्या घडणीवरही दिसतो. गुणांकासाठी लिहिलेल्या निबंधाचा पहिला वाचक छाननी समिती असते, आणि बहुधा तीच शेवटची. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या काळी परीक्षक निदान ग्रंथ वाचून नाकारी. येथे शीर्षक, पृष्ठक्रमांक आणि आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक एवढेच वाचले तरी काम भागते. वाचकच नसल्यामुळे भाषेला कोणाला काही सांगण्याची निकड राहत नाही, आणि उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष हा सांगाडा विषय कोणताही असला तरी तसाच उभा राहतो. पैशासाठी लिहिणाऱ्याला ‘धंदेवाईक’ म्हणून बाजूला सारणाऱ्या वर्गाने पदोन्नतीसाठी पैसे देऊन लिहावे, हा विरोधाभास मराठी समीक्षेने अद्याप आपल्या चर्चेत घेतलेला नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) मोबदल्याची प्रत्येक पद्धत लेखकासमोर विशिष्ट वाचक उभा करते : दक्षिणा परीक्षकाला, मानधन संपादकाला, बिदागी श्रोत्याला, स्वामित्वधन ग्राहकाला. साहित्यकृतीची लांबी, गती, भाषा आणि शेवट यांवर या वाचकाचा ठसा उमटतो.

२) मराठीतील कलावादी शुद्धतेचा आग्रह बऱ्याच अंशी वेतनाच्या आधारावर उभा होता. त्यामुळे त्या आग्रहाची निर्मिती कमी प्रतीची ठरत नाही, मात्र तो सर्व लेखकांना लावावयाचा निकष राहत नाही.

३) लेखणीवर जगणाऱ्या लेखकांच्या कृतींचे पुनर्मूल्यमापन त्यांच्या व्यवसायातून आलेल्या कारागिरीची दखल घेऊन व्हावयास हवे. अण्णा भाऊ साठे यांच्या गद्याचा अभ्यास हा त्याचा आरंभबिंदू ठरू शकतो.

४) लेखनाचा करार, हक्कांची मुदत आणि हिशेब यांचे ज्ञान हा लेखकाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

शेवटच्या मुद्द्याबाबत मराठी विभागांना तातडीने काही करता येण्यासारखे आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरात यांचे पाठ असतात, सर्जनशील लेखनाच्या पत्रिकेत कथा व कविता यांचे घटक असतात. प्रकाशनाचा करार कसा वाचावा, याला या दोहोंपैकी एकीतही सहसा स्थान नसते. वर्गातील ज्या विद्यार्थ्याची पहिली कथा उद्या एखाद्या अंकात येईल, त्याच्या घरी पगार असेलच असे नाही. त्याला प्रतिभेची थोरवी पुष्कळांनी सांगितली आहे. कलम १९ कोणीतरी सांगावयास हवे.